बर निघाली का, ते आधी बघा

दगडावर घासल्यावर सुरी कागद कापते, पण दोन दिवसांत पुन्हा बोथट होते, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं दगड बदलायची गरज नाही, १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाचे कण किती बारीक याचा आकडा) पुरेसा आहे. बहुधा धारेवरची ‘बर’ (burr) राहून जातेय.

एक बाजू घासताना पातं धारेपर्यंत झिजलं की विरुद्ध बाजूला धातूची अतिशय बारीक कड वळून येते, ती बर. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे आडवा, अलगद सरकवला की ती खरखरीत लागते (धारेच्या लांबीला समांतर कधीही फिरवू नका). टोकापासून मुठीपर्यंत ती सलग लागेपर्यंत बाजू पालटायची नाही. दुसरी बाजूही तशीच घासायची. नंतर एकेक बाजू आलटून पालटून, दाब कमी करत करत. शेवटी जवळपास सुरीच्या वजनानेच. हे टाळलं की उरलेली बर सुरुवातीला झकास कापते आणि लगेच दुमडते. तुमचे दोन दिवस तिथेच जातात.

पातं दगडावर किती कोनात धरायचं यासाठी कागदाचा काटकोन दोनदा दुमडा, साडेबावीस अंश मिळतात. त्याहून किंचित कमी ठेवा. धारेवर मार्करची रेघ ओढलीत तर शाई कुठे पुसली जाते त्यावरून चूक लगेच दिसते.

धारेवर फिरवायच्या स्टीलच्या सळईने वाकलेली धार सरळ होते, गेलेली धार फारशी परत येत नाही. आणि दातेरी सुरी सपाट दगडावर घासू नका.