'थ्री हंड्रेड' : आधी पुस्तक द्यावं की पिक्चर? (बजेट १५०० रुपये, सगळं धरून)

तिरकी रेघ : मंडळी, सल्ला हवाय. भाचा बारावी झाला, १८ पूर्ण, अ‍ॅनिमेशनला प्रवेश घेतलाय. वाढदिवसाला त्याला फ्रँक मिलरचं '३००' हे चित्रपुस्तक (ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीत पर्शियन फौजेला अडवणाऱ्या तीनशे स्पार्टनांची गोष्ट) द्यावं, की त्यावरच्या झॅक स्नायडरच्या पिक्चरची ब्लू-रे? मी दोन्ही पाहिलेलं नाही. दुसरं म्हणजे ताई आणि दाजींसोबत हॉलमध्ये बसून बघता येईल का? बजेट १५००, वर एक रुपया नाही.

आळशी बोका : पुस्तक-बिस्तक नंतर. आधी टीव्ही कोणता ते सांगा. अख्खा पिक्चर काळा, तांबूस आणि सोनेरी. साध्या एलईडीवर काळ्याचं राखाडी होतं आणि मजा जाते. मी याच पिक्चरपायी ५५ इंची ओलेड घेतला, वर साउंडबार. स्पार्टाचा राजा लिओनिडस पर्शियन दूताला लाथ घालून विहिरीत ढकलतो ना, तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. लाखभर धरून चाला.

तिरकी रेघ : अहो, बजेट १५०० आहे.

आळशी बोका : ईएमआय असतो की.

पाटीपेन्सिल : पुस्तकच द्या, आणि हार्डकव्हरच. १९९८ मध्ये ते पाच अंकांत आलं तेव्हा चित्रं दोन-दोन पानांवर पसरलेली होती, मधून घडी जायची. हार्डकव्हर आडवं छापलंय, त्यामुळे ते जोडपान एक अखंड पान झालं. पर्शियन सैनिक कड्यावरून समुद्रात कोसळतात ते पान उघडून बघा. नुसत्या काळ्या आकृत्या, चेहरा एकालाही नाही, तरी प्रत्येकाचा पडण्याचा ढंग वेगळा. रंग लिन व्हार्लीचे आहेत, तिचं नाव कोणी घेत नाही. फोनवर पीडीएफ वाचून 'बरं आहे' म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.
फक्त मागवताना जपा. माझी प्रत आली ती कोपरा चेपून. आडवं पुस्तक नेहमीच्या खोक्यात मावत नाही म्हणून तिरकं कोंबलेलं. बदलून मागितलं तर दुसरीचाही तोच कोपरा चेपलेला. कपाटातही ते वीतभर पुढे येतं, येता-जाता ढोपराला लागतं.

ढालगज : दोन्ही देऊ नका. हेरोडोटस द्या, त्या युद्धाचा जुना ग्रीक इतिहासकार. इंग्रजी पेपरबॅक १५०० च्या आत सहज येतं. इ.स.पू. ४८० ला थर्मोपिलीला ग्रीक काही तीनशेच नव्हते, सगळे मिळून सहा-सात हजार होते. शेवटच्या दिवशीही स्पार्टनांबरोबर थेस्पिया या दुसऱ्या ग्रीक नगराचे ७०० जण थांबले आणि मेले. त्यांच्यावर कोणी पिक्चर काढला का? आणि ती विहीर! दूतांना विहिरीत टाकलं ते पर्शियाचा राजा झर्क्सिसचा बाप दरायस याच्या वेळी. म्हणूनच झर्क्सिसने स्पार्टाकडे दूत पाठवलाच नाही. उघड्या अंगाने लढणंही खोटं. हॉप्लाइट, म्हणजे ग्रीक पायदळातला सैनिक, म्हटला की शिरस्त्राण, उरस्त्राण, पिंढरीला पत्रा. इथे सगळे चामड्याच्या चड्डीवर.

निळी शाई : +१ पुस्तक. हार्डकव्हरच घ्या, आडवं असतं.

पाटीपेन्सिल : तेच लिहिलंय वर.

उपासाची मिसळ : मूळ प्रश्नाचं उत्तर कोणीच देत नाहीये. हॉलमध्ये? मुळीच नाही. मुंडकी हवेत गिरक्या घेतात ते दाजी चालवून घेतील एकवेळ. पण राजा-राणीचा शयनगृहातला प्रसंग आहे, त्या भविष्यवेत्त्या मुलीचा नाच आहे. ताई उठून कुकर बघायला जातील आणि परत येणार नाहीत. राणी गोर्गोचं राजकारण पुस्तकात नाही, ते पिक्चरसाठी वाढवलंय. मला तेवढाच भाग माणसांचा वाटला, पण नवरा म्हणतो तेवढाच पळवायचा.
@ढालगज, गोष्ट कोण सांगतंय ते लक्षात घ्या. एकच डोळा राहिलेला डिलिओस, पुढच्या लढाईच्या तोंडावर सैनिकांना पेटवण्यासाठी. तो राक्षस आणि गेंडे घालणारच.

ढालगज : डिलिओस म्हणजे बहुधा हेरोडोटसचा अरिस्टोडेमस. डोळे आले म्हणून माघारी पाठवलेला. स्पार्टात त्याच्याशी कोणी बोलेना, चुलीला विस्तव देईना. पुढच्या वर्षी प्लेटियाच्या लढाईत जीव खाऊन लढून मेला. पिक्चर करायचा तर त्याच्यावर करा. आणि पर्शियनांना भुतं दाखवल्यावर २००७ मध्ये इराणने निषेध केला तो काय उगाच?

दख्खनी : आपल्या घोडखिंडीत १६६० ला बाजीप्रभू आणि बांदलांनी जे केलं त्यापुढे हे काहीच नाही.

आळशी बोका : आलीच का पावनखिंड. पाचव्या प्रतिसादात येईल वाटलं होतं, उशीर केलात.

दख्खनी : हसा. पण तिथे राजे विशाळगडी पोचले, म्हणजे काम फत्ते झालं. थर्मोपिली पडल्यावर अथेन्स जळलं.

बर्फातली भाकरी : मी मॉन्ट्रियलला असते. पिक्चर इथल्याच स्टुडिओत शूट झालाय. समुद्र, कडे, आभाळ सगळं मागाहून घातलेलं. घोड्यांचा एक प्रसंग तेवढा उघड्यावर. भाचा अ‍ॅनिमेशनचा आहे ना? मग ब्लू-रेची ती आवृत्ती शोधा जिच्यात पिक्चर चालू असताना एका चौकटीत निळ्या पडद्यासमोरचं मूळ शूटिंग दिसतं. लिओनिडस एकटाच फळी फोडत जातो तो लांबलचक शॉट जरूर दाखवा. तिथे तीन कॅमेरे एकमेकांना लागून होते, तिघांच्या लेन्स वेगळ्या. कॅमेरा झूम होतोय असं वाटतं ते या चित्रातून त्या चित्रात सरकणं आहे. आमच्या ऑफिसात एक जण त्या स्टुडिओत होता म्हणतो, पण इथे निम्मं गाव तसंच म्हणतं.

तिरकी रेघ : हे कामाचं आहे! पण त्याच्याकडे ब्लू-रे प्लेअर नाही, आत्ता विचारलं.

आळशी बोका : प्लेअर घ्या. मी सुचवतो.

निळी शाई : २०१४ चा दुसरा भाग मात्र चुकूनही दाखवू नका. दिग्दर्शकही वेगळा.

ढालगज : दुसऱ्या भागाचं नावही काढू नका. त्यात दरायसला मॅरेथॉनच्या लढाईत बाण मारलाय. तो मॅरेथॉनला गेलाच नव्हता, चार वर्षांनी घरी आजारपणात मेला.

उपासाची मिसळ : +१. फक्त झर्क्सिसच्या बाजूने लढणारी आर्टेमिसिया झालेल्या इव्हा ग्रीनसाठी एकदा. बाकी नाही.

तिरकी रेघ : सर्वांचे आभार. हार्डकव्हर बजेटबाहेर गेलं, प्लेअर तर लांबच. भाच्याला सरळ विचारलं. त्याला पहिल्या भागात रसच नाही, म्हणे त्यातल्या सगळ्या क्लिप्स बघून झाल्या. त्याला दुसरा भाग हवा होता, कारण त्यात पाणी आहे आणि पाणी करणं सगळ्यात अवघड. काल भाड्याने घेऊन दिला. लॅपटॉपवर, दार लावून. सालामिसच्या समुद्री लढाईत गलबतं आदळतात तो तुकडा त्याने इतक्यांदा मागे-पुढे केला की मला झोप लागली. उरलेल्या पैशांत त्याला ड्रॉइंग टॅब्लेटचा पेन.

ढालगज : खरी आर्टेमिसिया सालामिसला मरत नाही, हे तरी त्याला सांगा. पाठलाग चुकवायला तिने आपल्याच बाजूचं गलबत बुडवलं आणि निसटली. झर्क्सिस खूश झाला.

पाटीपेन्सिल : वाया गेला धागा.

दख्खनी : @आळशी बोका, तो साउंडबार खालचे काका चालू देत नसतील तर विकणार का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.