कम्युनिटी कॉलेजातलं तुमचं पहिलं वर्ष: अनुभव लिहा

मृण्मयी_म
काल गराज आवरताना जुन्या सॅकच्या आतल्या कप्प्यात एक कोरी स्कॅनट्रॉन (मशीनने तपासायची उत्तरपत्रिका) सापडली. तीच ती हिरवी लांबट पट्टी, कोपरा दुमडलेला. तिथेच खोक्यावर बसले ती उठलेच नाही बराच वेळ.

२०११. लग्न करून अमेरिकेत एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आलेली. पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी., दोन वर्षं लॅबमधली नोकरी, आणि इथे दिवसभर खिडकीतून पार्किंग लॉट बघायचा. एच-४वाल्यांना ईएडी (कामाचा परवाना) मिळायला लागलं २०१५ मध्ये, त्यामुळे तेव्हा कामाचा विषयच नव्हता. शिकायला मात्र कुणाची आडकाठी नव्हती. बसने पंचवीस मिनिटांवर कम्युनिटी कॉलेज होतं, म्हणजे दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज. अ‍ॅनॅटॉमीचा एकच क्लास घेतला.

लायब्ररीत आयडी ठेवून हाडांचा डबा मिळायचा, दोन तासांसाठी. आमच्या टेबलावर एक अठ्ठावन्न वर्षांच्या आजी, रात्रपाळी करून थेट येणारा एक सिक्युरिटी गार्ड, आणि मी. स्फिनॉइड (कवटीच्या तळाचं हाड) हातात घेतलं की पंख पसरलेलं फुलपाखरूच. त्याच्या भोकांमधून आजी टूथपिक घालायच्या आणि विचारायच्या, 'ह्यातून कोण जातं?' फोरामेन ओव्हाले हे भोक, त्यातून मॅन्डिब्युलर नर्व्ह, खालच्या जबड्याची नस. आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन. प्रॅक्टिकलला पन्नास स्टेशनं, दर मिनिटाला घंटा, की पुढच्या हाडाकडे सरकायचं. निकाल लागला त्या दिवशी आजींनी मला जी मिठी मारली, ती या देशात परक्या माणसाने मला मारलेली पहिली मिठी.

पुढच्या सेमिस्टरला तीन क्लास घेतले. मे महिन्यात मी सहा जणांचा स्टडी ग्रुप चालवत होते. त्या वर्षाने मला परत माणसांत आणलं. तुमचंही असं एखादं वर्ष असेल तर लिहा ना.

केतकी
किती छान गं. मी आत्ता डबे भरतेय, रात्री लिहिते नीट. स्फिनॉइडचं फुलपाखरू अगदी अगदी!!

सातारकर
मी मेकॅनिकल इंजिनियर, अठरा वर्षं डिझाइनमध्ये. ४४व्या वर्षी नोकरी गेली आणि संध्याकाळचा वेल्डिंगचा कोर्स लावला. घरी कुणाला धड कळेना, हा काय करतोय.
आयुष्यभर ड्रॉइंगवर वेल्डची खूण काढली, पण ते वितळलेलं डबकं पहिल्यांदा हेल्मेटच्या काचेतून पाहिलं तेव्हा कळलं की आपण नुसती खूणच काढत होतो. शिक्षक सांगायचे, ठिणग्यांकडे बघू नको, डबक्याच्या मागच्या कडेकडे बघ. परीक्षेत आपणच जोडलेल्या प्लेटच्या पट्ट्या कापतात आणि यू आकारात वाकवतात. भेग पडली तर नापास. माझी पहिली पट्टी फाटली. मार्चमध्ये दुसऱ्यांदा दिली, चारही पट्ट्या सलग वाकल्या. त्यातली एक घरी टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून.
आता परत डिझाइनमध्येच आहे, पण माझी ड्रॉइंग्ज शॉप फ्लोअरवरून परत येत नाहीत.

रानजाई
सातारकर, हा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. तो दोन मिनिटं गप्प होता. त्याचीही नोकरी गेलीये जानेवारीत.

सातारकर
रानजाई, त्यांना मला मेसेज करायला सांगा. केव्हाही. मनापासून सांगतोय.

चिऊची आई
मी नाही शिकले, लेक शिकली. वॉशिंग्टन राज्यात रनिंग स्टार्ट आहे, १९९० पासूनचं. अकरावी-बारावीची मुलं कॉलेजात क्लास घेतात, ट्यूशन फी लागत नाही आणि क्रेडिट दोन्हीकडे धरतात. ती सोळाची. पहिल्या क्वार्टरला इंग्लिशचा निबंध परत आला, वर नुसतं 'मला येऊन भेट' लिहिलेलं. मी घाबरून थेट कॉलेजला फोन लावला. बाई इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, 'तुमची मुलगी कॉलेजची विद्यार्थिनी आहे, तिच्या परवानगीशिवाय मला काही सांगता येणार नाही.' फर्पा, विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा. मुलगी अठराच्या आतली असली तरी.
मग ती एकटी गेली ऑफिस अवर्सना (शिक्षकांना भेटायच्या वेळेत). बाहेर आली ती निबंध नव्याने लिहायचं ठरवूनच. त्या वर्षी ती वाढली हे खरंच, पण फोन खाली ठेवायला मी शिकले हेही तितकंच खरं.

प्राजक्ता_एम
मम. आमच्याकडेही हेच. मी अजून फोन खाली ठेवायला शिकतेय :)

गोदाकाठ
जरा अवांतर आहे, पण राहवत नाही. हे सगळं वाचून माझे वडील आठवले. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका'त होते. सकाळी शेतावर काम, मग तास. कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये हे कॉलेज. माझ्या पहिल्या सेमिस्टरला मी बाबांना फोनवर सांगत होते की इथे कुणालाही प्रवेश आहे, वयाची अट नाही, लोक काम करून येतात, माझ्या शेजारी ट्रक चालवणारा बसतो. बाबा म्हणाले, 'म्हणजे आमचंच कॉलेज की.'
ते गेले त्याच वर्षी. माझं सर्टिफिकेट त्यांनी फोटोत पाहिलं.

सातारकर
गोदाकाठ, माझे आजोबाही रयतचेच. हात जोडून नमस्कार तुमच्या बाबांना.

मृण्मयी_म
गोदाकाठ 🙏 अवांतर अजिबात नाही. धागा काढला तो याचसाठी.

अनिकेत_इलिनॉय
इतिहासाचं पान माझ्याकडून. अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज आमच्या बाजूला जोलिएटमध्ये आहे. १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं. सहा! मी स्वतः जवळच्याच दुसऱ्या कॉलेजात संध्याकाळी स्टॅटिस्टिक्स शिकवतो, सात वर्षं झाली. दिवसा नोकरी.
एका वर्षाबद्दल सांगायचं तर मागच्या वर्षीचा एक विद्यार्थी. वय पस्तिशीच्या पुढे, रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम. पहिल्या चाचणीत शंभरपैकी ४१. ऑफिस अवरला आला, वही उघडली, तर त्याने प्रत्येक गणित तीनतीनदा सोडवलेलं, तीन वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी. चूक एकच होती. ऋण चिन्ह कंसाबाहेरून आत जाताना हरवायचं, दर वेळी. इतक्या वर्षांत कुणी त्याच्या वहीत एवढं जवळून डोकावलंच नव्हतं. फायनलला ८३. आता तो फिजियॉलॉजीच्या क्लासला आहे आणि दिसला की हात वर करतो. चिन्हाची खूण, म्हणजे नुसती आडवी रेघ, हवेत.
माझ्यासाठी ते वर्ष म्हणजे तो.

प्राजक्ता_एम
हवेतली आडवी रेघ… रडवलंत सर.

नीरजा७
एक प्रश्न. आम्ही कॅलिफोर्नियात नवीन आहोत, मी एच-४. फी फार जास्त सांगताहेत. आउट ऑफ स्टेट (राज्याबाहेरची) धरलंय म्हणे. काही करता येतं का? धाग्यात विचारतेय, माफ करा.

आभाळ
@नीरजा७, माफी कसली. राज्याराज्यात नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे पुरावे लागतात. लीज, ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स रिटर्न, जे जे आहे ते फाइलमध्ये ठेवत जा. मी एच-४वरच होते, २०१६ मध्ये मला रेसिडेन्सी (राज्याची रहिवासी म्हणून मान्यता) मिळाली आणि फी युनिटला ४६ डॉलरवर आली. तोवर नॉनक्रेडिट (पदवीत न धरले जाणारे) क्लास बघा, त्यांना ट्यूशन नसते. अ‍ॅडमिशन्समध्ये रेसिडेन्सीचं काम बघणारी व्यक्ती कोण ते विचारा आणि तिलाच भेटा, खिडकीवर नको.

माझं वर्ष पण लिहून टाकते आलेच आहे तर. मी अर्ली चाइल्डहूडचे (शिशुशिक्षणाचे) बारा युनिट केले, तेवढ्यावर इथे लायसन्स्ड प्रीस्कूलमध्ये टीचर होता येतं. निरीक्षणाचा गृहपाठ असायचा. एका मुलाकडे वीस मिनिटं बघायचं आणि फक्त दिसतं ते लिहायचं. 'चिडला' लिहायचं नाही, 'ठोकळा दोन्ही हातांनी जमिनीवर आपटला' लिहायचं. पहिल्या कागदावर बाईंनी माझे अकरा शब्द खोडले होते. डिसेंबरच्या कागदावर एकही नाही. आता घरी मुलगा आदळआपट करतो तेव्हा मी आधी बघते.

नीरजा७
आभाळ ताई खूप खूप धन्यवाद. लीज माझ्या नावावर नाहीये :( नाव घालून घेते आजच.

केतकी
आले एकदाची. मुलं झोपली.
माझं नर्सिंग. प्रीरिक्विझिट्सची (प्रवेशाआधी करायच्या विषयांची) दोन वर्षं, मग प्रवेशाची वाट. मधे एका ठिकाणी ऐन वेळी कमी नोंदणी म्हणून माझा मायक्रोबायॉलॉजीचा क्लास रद्द झाला आणि अख्खं वर्ष पुढे ढकललं गेलं. त्या रात्री जेवले नाही.
पण सांगायचंय ते पिनिंगचं. ग्रॅज्युएशनच्या आधी नर्सिंगवाल्यांचा वेगळा कार्यक्रम असतो, हातात दिवा घेऊन शपथ घ्यायची, आणि पिन आपल्या माणसाच्या हातून लावून घ्यायची. मी सासूबाईंना बोलावलं. त्या दोन वर्षं माझ्या धाकट्याला सांभाळायला राहिल्या होत्या, येऊन-जाऊन. त्यांना पिन टोचता येईना, हात थरथरत होते, मागे रांग खोळंबली. शेवटी डीन बाईंनी माईकवर सांगितलं, 'सावकाश, आम्हाला घाई नाही.' अख्खा हॉल शांत. लागली पिन, थोडी तिरकी. मी ती दिवसभर तशीच ठेवली.
एनसीलेक्स (नर्सच्या लायसन्सची परीक्षा) ऑगस्टमध्ये पास झाले. आता मेडिकल-सर्जिकल फ्लोअरवर आहे, सहा वर्षं झाली.

रानजाई
सासूबाईंना माझा नमस्कार सांग केतकी. आहेत ना अजून इथे?

केतकी
नाशिकला आहेत गं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं परवाच, छान आहेत. उद्या फोन आहे, सांगते.

रानजाई
सातारकर, नवऱ्याने मेसेज केलाय तुम्हाला. त्याला एचव्हीएसीचं (एसी-हीटिंगच्या कामाचं) बघायचंय, वेल्डिंग नाही. चालेल ना?

सातारकर
न चालायला काय झालं. मिळाला मेसेज. शनिवारी सकाळी फोन करतो म्हणालोय.

नीरजा७
शेवटचं एक. सोमवारी माझा पहिला नॉनक्रेडिट इंग्लिशचा क्लास आहे. स्कॅनट्रॉन न्यावी लागेल का?

मृण्मयी_म
पहिल्या दिवशी नाही गं. वही ने, दोन नंबरची पेन्सिल ने, आणि पंधरा मिनिटं आधी पोच, पार्किंगला वेळ जातो. माझ्याकडची कोरी पट्टी पाठवू का तुला? पत्ता मेसेजमध्ये दे.