शब्दचर्चा: 'टाइमलॅप्स'ला मराठीत काय म्हणायचं?

शाडूमाती: पेणच्या गणपती कारखान्यावरच्या माहितीपटाची संहिता मराठीत करतेय. टाइमलॅप्ससाठी, म्हणजे ठरावीक अंतराने फोटो घेऊन ते सलग भरभर दाखवण्यासाठी, मी 'कालसंक्षेप' लिहिलं. दिग्दर्शक म्हणतात 'द्रुतगती' करा, स्लो मोशनला 'मंदगती' म्हणतोच ना! कोणता शब्द ठेवू?

तिपाई: द्रुतगती अजिबात नको. त्यात चित्रण सलग असतं, नंतर पळवतात. टाइमलॅप्समध्ये मधला काळ टिपलेलाच नसतो. दर ५ सेकंदांनी एक फोटो घेतला, तर सेकंदाला २५ धरून १० सेकंदांच्या शॉटला २५० फोटो लागतात, म्हणजे वीस मिनिटं कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. एक्स्पोजर (किती प्रकाश घ्यायचा ते) ऑटोवर राहिलं की ढग आला-गेला तरी चित्र लुकलुकतं.

जुनीपोथी: 'कालक्षेप' आहे की! लॅप्सचं लॅटिन मूळही घसरणं, सरणं असंच आहे.

तिपाई: कालक्षेप म्हणजे वेळ घालवणं. सेटवर सगळे 'टाइमलॅप्स लाव' म्हणतात, तेच लिहा.

जुनीपोथी: असं म्हणत बसलो असतो तर 'दिग्दर्शक'ही रुळला नसता. तो सावरकरांनी घडवला तेव्हा नवाच होता.

मधलीसुट्टी: शब्द कुठलाही घ्या, पण डोळ्यांची आखणी त्यात घालू नका. साच्यातून मूर्ती निघणं, वाळणं, रंगाचे हात हे सगळं भरभर जाऊ दे. आखणीला कारागीर श्वास रोखून ब्रश टेकवतो, तिथे खऱ्या वेळेतच थांबा. प्रेक्षकाला कारागिरी तिथेच कळते.

जुनीपोथी: दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा लावून 'अंकुराची वाढ' ही टाइमलॅप्स फिल्म केली, भांडवल देणाऱ्याला पटवण्यासाठी. नाव बघा, किती सरळ मराठी! रोज एक फ्रेम घेत होते म्हणे.

तिपाई: हे सगळीकडे छापलेलं असतं, पण हिशोब करा. फिल्म मिनिटभराची होती. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तरी ९६० झाल्या. रोज एक म्हणजे अडीच वर्षांच्या वर! तोवर वाटाण्याचा वेल टिकतो का?

जुनीपोथी: मग रोज किती घेतल्या असतील?

तिपाई: दीड महिना धरला तर रोज वीसेक. तेव्हाच्या कॅमेऱ्यांचा दांडा हाताने फिरवायचा, एका फेरीत साधारण ८ फ्रेम. म्हणजे दिवसाला दोन-तीन फेऱ्या पुरल्या असत्या.

शाडूमाती: आणि 'कालसंक्षेप'चं काय?

मधलीसुट्टी: तिपाई, एका फेरीत एकच फ्रेम घ्यायची सोयही अनेक कॅमेऱ्यांना असे. ती वापरली असेल तर दिवसभर थोड्या थोड्या वेळाने घेता आल्या असत्या, वाढही जास्त सलग दिसली असती.