साहेबाशिवायही चालतं
काही जण म्हणतात की खमका साहेब नसेल तर माणसं कामच करत नाहीत, मला हे अजिबात पटत नाही. इंडियन कॉफी हाऊस या कॉफीच्या हॉटेलांच्या साखळीचंच बघा ना, १९५०च्या दशकात सरकारी कॉफी बोर्डाने ती बंद करून लोकांना घरी बसवायला घेतलं तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन कामगारांना म्हणाले तुम्हीच चालवा, आणि १९५७ पासून वेटर-कूक मंडळींनी सहकारी सोसायट्या काढून चालवली की! म्हणजे जो फेटा बांधून तुमच्यापुढे कॉफी ठेवतो तोही मालकच, कारभारी निवडताना त्याचंही मत मोजलं जातं. आपल्या ऑफिसात मात्र अप्रेझल, म्हणजे कामाचं मूल्यमापन, जवळ आलं की केबिनबाहेर घुटमळणाऱ्यांचीच चलती, राबणारा बसतो कोपऱ्यात. निदान टीम लीड ठरवताना तरी टीमला विचारा ना, त्यात कुणाचं काय जातं?