आईच्या आरोग्य विम्याचा हप्ता झेपेना, मदत हवी आहे

मंडळी, आईच्या पॉलिसीचा हप्ता यंदा पुन्हा वाढला. कारण काय, तर म्हणे वयोगट बदलला. इतकी वर्षं मुकाट्याने पैसे भरले, पहिल्यांदाच क्लेम केला, तर हातमोजे, सिरिंज, कापूस असलं सगळं बिलातून वजा! (ऑपरेशन काय उघड्या हातांनी करायचं?)

एजंट म्हणतो, डिडक्टिबल घ्या; ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपण सोसायचा, मग हप्ता उतरतो. कंपनी बदलावी, तर आईला बीपी आणि शुगर. जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड (ज्या सुरुवातीच्या काळात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो) पुन्हा पहिल्यापासून मोजला तर?

डिडक्टिबल घेऊन कुणी प्रत्यक्ष क्लेम केलाय का? कापलेल्या रकमेसाठी लेखी तक्रार करून कुणाच्या हाती काही लागलं का? रिन्यूअल तोंडावर आलंय, जरा लवकर सांगा.