मदत हवी आहे: गाडी चालू असताना कॅम्पर व्हॅनची मागची बॅटरी चार्ज होत नाही (ठाणे)

नमस्कार मंडळी,

गाडी बीएस-६ डिझेल व्हॅन, मागे राहायची सोय करून घेतलेली. घर घोडबंदर रोडला. मागची बॅटरी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तास, लिथियम आयर्न फॉस्फेट, बीएमएस (बॅटरीला सांभाळणारं सर्किट) आतच. शेजारी ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (पुढच्या, इंजिनच्या बॅटरीकडून वीज घेऊन मागची भरणारा). पुढच्या बॅटरीपासून तिथपर्यंत प्लसची ६ चौ. मिमी वायर, साधारण ५ मीटर, मध्ये ४० अँपिअरचा ब्लेड फ्यूज. मायनस मागच्या सीटखाली बॉडीला दिला आहे. छतावर २०० वॅटचं सोलर आहे, पण गाडी सोसायटीच्या पोडियमखाली उभी असते.

तक्रार अशी की इंजिन सुरू केलं की चार्जर चालू होतो, काही सेकंदांत बंद पडतो, परत चालू होतो. हे सतत. नाशिकला पोचेपर्यंत बॅटरी बरीच भरायला हवी, ती आहे तिथेच. फ्रिज चालू असेल तर उलट उतरते.

मल्टिमीटरची मापं: इंजिन चालू असताना पुढच्या बॅटरीवर १४.१. चार्जर थांबलेला असताना त्याच्या इनपुटवर १४.०, चार्जिंग सुरू होताच १२.४ आणि मग बंद. ज्यांनी काम केलं ते म्हणतात बॅटरी गेली, नवी घ्या. घेऊ का?

प्रतिसाद

अजिबात घेऊ नका. पुढच्या बॅटरीवर १४.१ आणि लोड आल्यावर चार्जरच्या इनपुटवर १२.४, म्हणजे १.७ व्होल्ट वाटेतच खाल्ले जातायत. इनपुट ठरावीक पातळीखाली गेलं की चार्जर स्वतःला बंद करतो. करंट थांबला की व्होल्टेज परत वर येतं, चार्जरला वाटतं सगळं ठीक आहे, तो पुन्हा चालू होतो. तुमचं चालू-बंद हे तेच आहे.

हिशोब बघा. मागे ३० अँपिअर द्यायला चार्जर पुढून ३६-३७ अँपिअर ओढतो. ६ चौ. मिमी तांब्याच्या ५ मीटर वायरमध्ये तेवढ्या करंटला साधारण अर्धा व्होल्ट पडतो. उरलेले १.२ जोडांमध्ये आहेत, ते शोधा. चार्जिंग चालू असतानाच मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक पुढच्या बॅटरीच्या प्लस खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवर) आणि दुसरं चार्जरच्या इनपुट प्लसवर धरा. मग तसंच मायनस ते मायनस. दोन्ही आकडे इथे टाका. फ्यूजच्या दोन पायांवरही बघा. आणि फ्यूजच्या डबीला हात लावून बघा, जपून.

धागाकर्ता

प्लसच्या बाजूला ०.९, त्यातले ०.३५ एकट्या फ्यूजच्या डबीवर. मायनसला ०.८. डबी चांगलीच तापलेली, प्लास्टिक एका कडेला पिवळं पडलंय.

प्रतिसाद

०.३५ गुणिले ३६ म्हणजे साडेबारा वॅट उष्णता त्या इवल्याशा डबीत. दुरुस्ती होईपर्यंत चार्जर वापरू नका, हे आगीचं काम आहे.

मायनसचे ०.८ बहुतेक बॉडीच्या बोल्टवरच आहेत. लग (वायरच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) रंगावर कसलेला असतो, खाली पावसाळ्यात गंज धरतो. खाडीजवळच्या दमट हवेत लगच्या आत तांबं हिरवं पडतं आणि वरून काहीच दिसत नाही.

काम असं करा. प्लस आणि मायनस दोन्ही १६ चौ. मिमी तांब्याची केबल, मायनसही वेगळा पुढपर्यंत न्या. मग जाऊन-येऊन १० मीटरला ३६ अँपिअरवर ०.४ व्होल्ट पडेल, तेवढं चालतं. विकत घेताना एक तार ब्लेडने खरवडा: वर चंदेरी, आत लाल असेल तर कल्हई केलेलं तांबं, उत्तम. वर लाल आणि आत चंदेरी असेल तर ॲल्युमिनियम आहे, परत द्या. लग हातोडीने ठोकून बसवू देऊ नका, हायड्रॉलिक क्रिम्परच हवा. वर गोंदवाली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). लग, फ्यूज होल्डर वगैरे मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल. दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा बोल्टवाला मिडी फ्यूज.

पुढच्या बॅटरीच्या मायनस खुंटीवर छोटा काळा सेन्सर असेल तर तुमचा मायनस थेट खुंटीवर लावू नका, सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला लावा. नाहीतर गाडीच्या ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) हा करंट दिसतच नाही आणि त्याचा हिशोब चुकतो.

दुसरा प्रतिसाद

केबल होईपर्यंत पोडियमखालीच १४.४ व्होल्ट, २० अँपिअरचा लिथियम चार्जर लावता येईल. भिंतीतून साधारण ३४० वॅट घेतो, रिकामी बॅटरी पाच-सहा तासांत भरते. घरच्या इन्व्हर्टरचा ट्युब्युलर चार्जर मात्र लावू नका, त्याचं व्होल्टेज वर गेलं की बीएमएस तोडतो.

ॲपमधल्या टक्केवारीवरही फार विसंबू नका. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतं. एकदा पूर्ण भरून करंट ५ अँपिअरखाली येऊ द्या, मग आकडा जागेवर येईल. आणि मे महिन्यात बंद गाडीत सीटखाली हवा खेळत नसेल तर बीएमएस तापमानामुळेही चार्जिंग थांबवतो, तिथे जाळी ठेवा.

धागाकर्ता

केबल, फ्यूज, मायनस सगळं सांगितल्याप्रमाणे झालं. मायनसला सेन्सर होताच. चार्जिंग चालू असताना इनपुट १३.७, चालू-बंद थांबलं. पण हायवेला अर्ध्या तासाने पुढच्या बॅटरीवरच १२.९ येतं आणि चार्जर थांबतो.

प्रतिसाद

हा स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा). पुढची बॅटरी भरली की ईसीयू डिझेल वाचवायला व्होल्टेज उतरवतो, आणि तुमचा चार्जर व्होल्टेज बघून इंजिन बंद आहे असं समजतो. चार्जरच्या इग्निशन टर्मिनलला १ चौ. मिमीची वायर द्या, ३ अँपिअर फ्यूजसकट, किल्लीवर येणाऱ्या फ्यूजमधून. सेटिंगमध्ये इंजिन ओळखण्याची पद्धत व्होल्टेजवरून इग्निशनवर करा आणि इनपुट कट-ऑफ (ज्या व्होल्टेजखाली चार्जर थांबतो ती पातळी) मॅन्युअलच्या मर्यादेत खाली आणा. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये आयडलला अल्टरनेटर कमी देतो, तेव्हा १५ अँपिअरचा पर्याय असेल तर तो वापरा.

वायर जोडण्याआधी किल्ली काढून त्या फ्यूजवर शून्य येतंय ना ते मोजा. तिथे १२ व्होल्ट राहिले तर गाडी उभी असताना पुढची बॅटरी मागची भरत बसेल आणि सकाळी सेल्फ लागणार नाही.