कुमामोतोचा वेढा (१८७७): सामुराईंना हा किल्ला का घेता आला नाही?

घाटवाटा
मंडळी, सध्या जपानमधल्या साइगो ताकामोरी या सामुराई पुढाऱ्याच्या सरकारविरुद्धच्या बंडाबद्दल वाचतोय आणि एक गोष्ट काही केल्या उलगडत नाही. फेब्रुवारी १८७७ मध्ये हा माणूस दक्षिणेकडच्या कागोशिमाहून जवळपास १३,००० कसलेले सामुराई घेऊन भर बर्फात निघाला. कुमामोतोच्या किल्ल्यात शिबंदी होती जेमतेम ३,८००, त्यातही बहुतेक सक्तीच्या भरतीत आलेली शेतकऱ्यांची पोरं. तरी पन्नासेक दिवस वेढा घालून किल्ला पडला नाही. तट खरंच एवढा अवघड आहे का? की सरकारी बंदुका भारी पडल्या? कुणी किल्ला पाहिला असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

कुमामोतोकर
मी २०१३ पासून इथे राहतो. किल्ला घरापासून ट्रामने पंधरा मिनिटांवर, त्यामुळे रविवारी पाय आपोआप तिकडेच वळतात.

आधी तटाबद्दल. इथल्या दगडी तटाच्या बांधणीला ‘मुशा-गाएशी’ म्हणतात, म्हणजे योद्ध्याला माघारी धाडणारा. पायथ्याशी उतार इतका सौम्य असतो की वाटतं, धावत चढून जाऊ. मान वर केली की कळतं. जसजसं वर जावं तसतसा दगड छातीवर येतो आणि माथ्याजवळ तट सरळ उभा होतो. हा किल्ला १६०७ मध्ये कातो कियोमासा या सरदाराने पुरा केला. त्याआधी कोरियाच्या मोहिमेत उल्सानच्या वेढ्यात तो स्वतः अडकला होता आणि तहान-भूक काय असते ते त्याने भोगलं होतं. म्हणून या किल्ल्यात त्याने १२० विहिरी खोदल्या असं सांगतात. आपण गडावर गेलो की आधी पाण्याची टाकी शोधतो ना, तसं मी इथे पहिल्या वर्षी विहिरी शोधत फिरलो होतो.

पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तटात नाही. ते चार महिने आधीच्या एका रात्रीत आहे.

ऑक्टोबर १८७६ मध्ये कुमामोतोतल्याच ‘शिनपूरेन’ नावाच्या गटाच्या सुमारे १७० सामुराईंनी रात्री किल्ल्यातल्या याच छावणीवर हल्ला केला. मार्चमध्ये तलवार बाळगायला बंदी आली होती, ऑगस्टमध्ये पिढीजात तनखे रोख्यांत बदलले गेले होते. परदेशी म्हणून त्यांनी बंदुकीला हातसुद्धा लावला नाही, नुसत्या तलवारी आणि भाले. झोपलेल्या बराकी पेटवल्या, छावणीचा प्रमुख तानेदा याला त्याच्या घरात शिरून मारलं. तुम्ही ज्यांना शेतकऱ्यांची पोरं म्हणताय, त्यांनी ही रात्र काढली होती. अंधारात तलवार अंगावर येते म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. सकाळ झाल्यावर गोळीने ती थांबते, हेही त्यांनी पाहिलं होतं. फेब्रुवारीत नवा प्रमुख तानी तातेकी याने ठरवलं की मैदानात उतरायचं नाही, तटामागून लढायचं. हा निर्णय फार शहाणपणाचा होता.

आणि तरीही सुरुवात भयंकर झाली. १९ फेब्रुवारीला बालेकिल्ल्याला आग लागली. मुख्य मनोरा जळाला, वाडा जळाला, धान्याचं कोठार गेलं. आग कुणी लावली यावर इथे आजही वाद चालतात. तीनच दिवसांनी, २२ तारखेला साइगोची माणसं तटाला भिडली. दोन दिवस धडक मारूनही आत शिरता आलं नाही, तेव्हा ते वेढा घालून बसले. जड तोफा त्यांच्याकडे नव्हत्या. ज्या होत्या त्या हानाओका-यामा टेकडीवर चढवून डागत राहिले. मार्चअखेर नद्यांना बांध घालून किल्ल्याभोवती पाणीही तुंबवलं. काही उपयोग झाला नाही. आतले मात्र शेवटी शेवटी भाताऐवजी राळ्यावर दिवस काढत होते.

साइगोने थोडी माणसं वेढ्याला ठेवून पुढे जायला हवं होतं असं मला वाटतं. त्याच्या धाकट्या भावाचा, कोहेईचा, समुद्रमार्गे नागासाकी गाठायचा विचार होता. तो कुणी मानला नाही, आणि कोहेई २७ फेब्रुवारीला ताकासेच्या लढाईत पडला.

दगडफूल
फार छान लिहिलंत. आग वाचून रायगड आठवला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी गडावर आग लागली आणि काही दिवसांत गड गेला. इथे उलटं झालं, कोठार जाऊनही माणसं टिकली. पण बाहेरून मदत यायला एवढा वेळ का लागला? सरकारी फौज तर उत्तरेला आलीच होती ना?

घाटवाटा
हेच विचारणार होतो. आणि शिनपूरेनचा धागा माझ्या ध्यानातच आला नव्हता, मनापासून आभार.

कुमामोतोकर
वाट अडली ताबारुझाकाला. उत्तरेकडून तोफा ओढत आणता येतील असा तो एकच चढ, दोन्ही बाजूंनी दरडीत खोल गेलेला. तो रस्ताही कियोमासानेच मुद्दाम असा केला असं मानतात. म्हणजे त्याच्या किल्ल्याने साइगोला अडवलं आणि त्याच्याच रस्त्याने सुटकेच्या फौजेला. ४ ते २० मार्च, सतरा दिवस तिथे माणसं मरत होती. पावसात साइगोच्या लोकांच्या तोंडाकडून ठासायच्या बंदुकांची दारू भिजायची, सरकारी, मागून भरायच्या स्नायडर बंदुका चालत राहायच्या. तिथल्या संग्रहालयात हवेतच एकमेकांवर आदळून चिकटलेल्या दोन गोळ्या आहेत. नखाएवढं शिसं आहे, पण मी काचेपुढून बराच वेळ हललो नव्हतो.

शेवटी वेढा फुटला तो दक्षिणेकडून. समुद्रमार्गे उतरलेल्या सरकारी सेनापती कुरोदाच्या फौजेतला यामाकावा हिरोशी १४ एप्रिलला किल्ल्यात शिरला. त्याला थांबायचा हुकूम होता, पण तो थांबला नाही. हा मूळचा ईशान्येकडच्या आइझू संस्थानाचा. १८६८ मध्ये त्याच्या स्वतःच्या धन्याच्या किल्ल्याला वेढा पडला होता आणि घालणाऱ्यांत हेच सात्सुमाचे, म्हणजे साइगोच्या मुलखातले, सामुराई होते. तेव्हा तो बाहेर अडकला होता. त्याने सिंहनाचाची मिरवणूक काढली, ढोल-बासरी वाजवत आपली तुकडी शत्रूच्या डोळ्यांदेखत आत नेली. त्या वेढ्यात त्याची बायको तोसे तोफगोळ्याने गेली. नऊ वर्षांनी वेढलेल्या किल्ल्याच्या दाराशी त्याला थांबा म्हणून सांगणारे चुकीच्या माणसाला सांगत होते.

१४ एप्रिल ही तारीख इथे आता वेगळ्या कारणाने पाठ आहे. २०१६ मध्ये त्याच रात्री भूकंपाचा पहिला धक्का बसला, १६ ला दुसरा, मोठा. आम्ही पार्किंगमध्ये गाडीत रात्र काढली. तट जागोजागी ढासळला. नंतर पडलेला एकेक दगड नंबर घालून मोकळ्या जागेत मांडला, म्हणजे आपापल्या जागी परत बसवता येईल. मुख्य मनोरा २०२१ मध्ये पुन्हा उघडला, पण तटाचं काम अजून बरीच वर्षं चालणार आहे. इकडे कुणी येणार असेल तर कळवा, फुजिसाकी-दाईचे जुने कापराचे वृक्ष दाखवीन. तिथे आता बेसबॉलचं मैदान आहे. वेढ्यात तिथलं देऊळ जळालं, झाडं राहिली.